डिस्क असलेला, डिस्क नसलेला

२०२०च्या दिवाळीत नवा कन्सोल घ्यायला निघालेल्या भारतीय माणसापुढे विचित्र पेच होता. जोड दोन पहिलवानांची लागली होती आणि आखाड्यात उतरला होता एकच. मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि सिरीज एस १० नोव्हेंबरला अमेरिका-युरोपच्या बरोबरीने आपल्याकडेही विक्रीला आले. सोनीचा प्लेस्टेशन ५ अमेरिका, जपान वगैरे देशांत १२ नोव्हेंबरला आला, बाकी बऱ्याच जगात १९ तारखेला. भारतासाठी त्याची किंमत जाहीर झाली होती, तारीख मात्र नव्हती. डिस्क ड्राइव्ह असलेला पीएस५ आणि सिरीज एक्स यांची किंमत तंतोतंत सारखी, ४९,९९० रुपये. सिरीज एस ३४,९९०.

ठाण्यातल्या एका घरात भाऊबीजेच्या दिवशी, १६ नोव्हेंबरला, हा विषय फराळाबरोबरच निघाला. लोकल तेव्हा सरसकट सगळ्यांना खुली नव्हती, त्यामुळे मामा कल्याणहून स्कूटरवर आला होता. वय चव्वेचाळीस, नोकरी बँकेत, आणि घरातल्या पोरांना कंट्रोलर धरायला त्यानेच शिकवलेलं. भाची तेवीस वर्षांची. पहिलीच नोकरी, तीही घरूनच चाललेली, आणि दिवाळीला मिळालेल्या पैशांतले पस्तीस हजार तिने बाजूला काढून ठेवले होते.

"मामा, मी सिरीज एस घेतेय. आज रात्री ऑर्डर टाकते."

"तो डिस्क ड्राइव्ह नसलेला?"

"हो. छोटा, पांढरा. डिस्क लागतेच कुणाला?"

"मला लागते. आणि तुलाही लागेल. पीएस५ येऊ दे. दोन महिने कळ काढ."

दोघांचंही म्हणणं नीट ऐकण्यासारखं आहे. नवे कन्सोल येतात त्या आठवड्यात सगळी चर्चा ताकदीच्या आकड्यांभोवती फिरते, आणि विकत घेतलेल्या खेळावर आपला हक्क किती, हा खरा महत्त्वाचा प्रश्न मागे पडतो. इथे तो निदान पहिल्या पाच मिनिटांत निघाला.

अर्थात आकडेही निघालेच. सिरीज एक्सची ताकद १२ टेराफ्लॉप, पीएस५ची १०.२८, आणि सिरीज एसची फक्त ४. मामाने फोनवर तक्ता उघडून दाखवला. "चार! तिसरा हिस्सा. शिवाय एसएसडी ५१२ जीबीची, त्यात वापरायला मिळतात ३६४. तीन-चार मोठे खेळ टाकलेस की भरली. पीएस५ची एसएसडी बघ, सेकंदाला साडेपाच जीबी वाचते. सिरीज एक्सच्या दुपटीहून जास्त."

भाची उठली आणि तिने टीव्ही भिंतीपासून जरा पुढे ओढला. मागच्या स्टिकरवर मॉडेल नंबर होता, एचडीएमआयची दोन पोर्ट होती, एकात सेट-टॉप बॉक्सची वायर. टीव्ही २०१५ साली घेतलेला, फुल एचडी. "हा आपला टीव्ही. फोर-के नाही, १२० हर्ट्झ नाही. सिरीज एस बनवलाय १४४० रेझोल्यूशनसाठी, तोसुद्धा या टीव्हीला जास्तच आहे. बारा टेराफ्लॉप घेऊन मी बघू कुठे? आधी टीव्ही बदलायचा म्हटलं तर हिशोब लाखावर जातो."

मामाकडे यावर चांगलं उत्तर नव्हतं. खरं तर कुणाकडेच नसतं. प्रदर्शनात कन्सोल भल्या मोठ्या पडद्यावर दाखवतात आणि तो लागतो घरातल्या टीव्हीला, ही साधी गोष्ट जाहिरातीत कधी येत नाही. शेल्फचंही तसंच. मामाने ताईच्या, म्हणजे भाचीच्या आईच्या, शिवणाच्या डब्यातली टेप मागून टीव्ही युनिटचा कप्पा मोजला. उंची तेहतीस सेंटिमीटर. पीएस५ उभा एकोणचाळीस सेंटिमीटर, वजन साडेचार किलो. "आडवा ठेवला तर बसतो," मामा टेप गुंडाळत म्हणाला, पण आडवा ठेवल्यावर सेट-टॉप बॉक्स कुठे जाणार, हे ताईने विचारलंच.

"आणि ताकदीचंच म्हणशील," भाची पुढे म्हणाली, "तर २००६ सालचा निन्टेन्डोचा वी आठव. एचडीसुद्धा नव्हता. पीएस३ आणि एक्सबॉक्स ३६० त्याच्यापुढे दांडगे. पण दहा कोटींवर विकला गेला तो वी."

"मान्य. ताकदीने कुणी जिंकत नाही. जिंकतो कशाने, ते मी बघितलंय."

मामाने जे बघितलं होतं ते लॅमिंग्टन रोडवर. ग्रँट रोड स्टेशनला उतरून चालत गेलं की दोन्ही बाजूंना इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं, आणि त्यातल्या काहींत चिप बसवलेले पीएस२ मिळायचे. त्याने असाच एक घेतला होता. त्याचं आठ एमबीचं मेमरी कार्ड अजून त्याच्या कपाटात आहे. पण त्याआधी त्याच्या एका मित्राच्या भावाने अमेरिकेहून सेगाचा ड्रीमकास्ट आणला होता. १९९९च्या सप्टेंबरमध्ये तो तिकडे १९९ डॉलरना आला, सुंदर यंत्र होतं, आत मोडेमसुद्धा होता. पीएस२ त्यानंतर आला, २०००च्या मार्चमध्ये जपानात आणि ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत, तिथे २९९ डॉलरना. जानेवारी २००१ संपता संपता सेगाने ड्रीमकास्टचं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. अमेरिकेत येऊन दीड वर्षही झालं नव्हतं.

"आधी आला, स्वस्त होता, चांगला होता. तरी गेला," मामा म्हणाला. "का? लोक पीएस२ची वाट बघत राहिले. पीएस२वर डीव्हीडी चालायची. मीही बघायचो. घरात डीव्हीडी प्लेयर नव्हता, तो एका यंत्रात आला. आणि जुन्या प्लेस्टेशनचे खेळही त्यावर चालायचे. माणूस अशा गोष्टी बघतो."

"पण तीच सोनी २००६मध्ये काय करून बसली? एक्सबॉक्स ३६० वर्षभर आधी येऊन बसला होता, ३९९ डॉलरमध्ये चांगला मिळत होता, आणि पीएस३चं मोठं मॉडेल ५९९ डॉलर! ब्लू-रेचा खर्च गिऱ्हाइकाच्या माथी. एकदा जिंकलेला नेहमीच जिंकतो असं कुठे आहे?"

"नाहीच. पण ३६०ने वर्षभर आधी यायची जी घाई केली तिचं काय झालं? लाल दिवे लागून यंत्रं बंद पडायला लागली. २००७च्या जुलैमध्ये मायक्रोसॉफ्टला वॉरंटी तीन वर्षांची करावी लागली. शंभर कोटी डॉलरहून जास्त त्यासाठी बाजूला काढले. म्हणून म्हणतो, पहिल्या खेपेतला कन्सोल घ्यायचा नाही."

"म्हणजे पीएस५सुद्धा पहिल्या खेपेत नाही?"

मामा थांबला. त्याच्या बोलण्यात दोन सल्ले होते आणि ते एकमेकांना छेद देत होते. पीएस५साठी थांब, आणि पहिल्या खेपेत काहीच घेऊ नको. भाचीने ते नेमकं पकडलं.

मग मामाने २०१३ काढलं, आणि इथे त्याचं पारडं जड झालं. त्या वर्षी मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन आणताना ठरवलं होतं की यंत्राने दर चोवीस तासांत एकदा इंटरनेटवरून पडताळणी करायची आणि डिस्क विकण्या-देण्यावर बंधनं घालायची. किंमत ४९९ डॉलर, कारण कायनेक्ट कॅमेरा सक्तीने सोबत. १० जूनला लॉस एंजेलिसमध्ये सोनीने सांगितलं: पीएस४ ३९९ डॉलर, आणि डिस्क तुमची, विका, द्या, ठेवा. सोनीने एक फीतही काढली, अर्ध्या मिनिटाहून छोटी. त्यात मित्राला खेळ कसा द्यावा याची एकच पायरी होती: एकाने डबी दुसऱ्याच्या हातात दिली. संपली फीत. मायक्रोसॉफ्टने १९ जूनला ती सगळी बंधनं मागे घेतली. पण बोलायचं ते बोलून झालं होतं. २०२०पर्यंत पीएस४ अकरा कोटींच्या वर गेले होते आणि मायक्रोसॉफ्टने कन्सोल-विक्रीचे आकडे देणं कधीच बंद केलं होतं.

"नऊ दिवसांत माघार," मामा म्हणाला. "का? कारण डिस्कवरचा हक्क लोकांना कळत होता. २०१३मध्ये जी गोष्ट गिऱ्हाइकाने भांडून परत मिळवली, ती सिरीज एस घेऊन तू आपण होऊन सोडतेयस. ड्राइव्हच नाही म्हटल्यावर पडताळणी काय आणि बंधनं काय!"

या वाक्यात मामाची सगळी बाजू आली, आणि ती बिनतोड वाटते. भाचीचं उत्तर मात्र आकड्यांत होतं. तिने लॅपटॉप उघडून पाच वर्षांचा हिशोब मांडला.

"सिरीज एस ३४,९९०. गेम पास अल्टिमेट महिना ६९९, साठ महिने, ४१,९४०. एकूण ७६,९३०. शेकड्याने खेळ त्यात, ऑनलाइन खेळायचं त्यात, १० तारखेपासून ईए प्लेसुद्धा त्यात. आता तुझा पीएस५. ४९,९९०. प्लेस्टेशन प्लस वर्षाला २,९९९, पाच वर्षांचे १४,९९५. झाले ६४,९८५. फरक अकरा हजार नऊशे पंचेचाळीस. आणि पीएस५चा नवा खेळ ४,९९९चा. तिसरा खेळ घेतलास की तू महागात पडलास. मी पाच वर्षांत तीनच खेळ खेळणार आहे का?"

"डिस्क विकल्याचे पैसे कुठे धरलेस?"

"किती धरू?"

"समज, खेळून झाल्यावर महिन्याभरात तीन हजाराला गेली."

तिने खोडून पुन्हा केलं. एका खेळाचा निव्वळ खर्च १,९९९. मग बरोबरी यायला सहा खेळ लागतात. दोघेही जरा वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले, कारण सहा हा आकडा कुणाच्याच बाजूने स्पष्ट बोलत नाही. वर्षाला एकच मोठा खेळ मन लावून पुरा करणाऱ्याला डिस्क परवडते. दर आठवड्याला नवं काही चाखून बघणाऱ्याला वर्गणी परवडते. आपण कोणत्या जातीचे खेळाडू, हे ज्याचं त्याने प्रामाणिकपणे पाहायचं, आणि बहुतेक माणसं तिथे स्वतःबद्दल भलत्याच उदार असतात.

आणखी एक हिशोब भाचीच्या विरुद्ध जाणारा होता, तो तिनेच सांगितला. सिरीज एस अमेरिकेत २९९ डॉलरना होता. तेव्हाच्या साधारण चौऱ्याहत्तर रुपयांच्या दराने ते बावीस हजार होतात. पीएस५ तिकडे ४९९, म्हणजे सदतीस हजार. तिकडच्या किमतीत स्थानिक कर धरलेले नसतात हे खरं, पण स्वस्त म्हणून पुढे केलेल्या यंत्रावर इथे शेकडेवारीने जास्त भर पडली होती, हे उघड दिसत होतं.

"खेळांचं बोल," मामा म्हणाला. "हेलो इन्फिनिट कुठाय? एक्सबॉक्सचा मुख्य खेळ तोच, आणि ऑगस्टमध्ये पुढच्या वर्षावर ढकलला. पीएस५बरोबर अॅस्ट्रोज प्लेरूम फुकट येतोय, डीमन्स सोल्स आहे, माइल्स मोरालेस आहे."

"माइल्स मोरालेस पीएस४वरही आहे. आणि सप्टेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टने बेथेस्डाची आख्खी कंपनी साडेसातशे कोटी डॉलरना घ्यायचं ठरवलंय, ते खेळ पुढे गेम पासवर येणार. शिवाय मला जे खेळ आवडतात ते सगळीकडेच येतात. राजी बघ ना, पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा. ऑगस्टमध्ये स्विचवर आला, ऑक्टोबरमध्ये पीसी, पीएस४, एक्सबॉक्स सगळ्यांवर. हरवलेल्या भावाला शोधत राक्षसांशी लढणारी मुलगी आणि राजस्थानी धाटणीचे महाल. तो खेळायला मला कुणाच्या कंपूत जायची गरज नाही."

राजीचा उल्लेख इथे फार मोलाचा आहे. एखादा खेळ आपल्याच यंत्रावर अडकवून ठेवायला मोठ्या कंपन्यांकडे पैसा असतो. पुण्यातल्या छोट्या स्टुडिओला मात्र खेळणारा भेटेल त्या प्रत्येक यंत्रावर जावं लागतं. आपल्या इथल्या खेळांपुरतं बोलायचं तर कन्सोलची निवड चुकण्याची भीती बाळगायचं कारण नाही.

निकाल मात्र या सगळ्यावर लागला नाही. तो ताईच्या एका प्रश्नावर लागला. "अगं, तुझे ते कॉलेजचे तिघं कशावर खेळतात रात्री?"

तिघेही पीएस४वर फिफा खेळत. आणि फिफा २१मध्ये एक्सबॉक्सवाल्याला प्लेस्टेशनवाल्याशी खेळता येत नव्हतं. फोर्टनाइटसारख्या काही खेळांत ही भिंत २०१८पासून पडली होती, फिफात तेव्हा नाही. पीएस५वर मात्र फिफाची पीएस४ आवृत्ती लावून पीएस४वाल्या मित्रांबरोबर खेळता येणार होतं. भाची गप्प झाली. पाच वर्षांच्या हिशोबात मित्रांसाठी रकाना नव्हता.

त्या रात्री ऑर्डर गेली नाही.

डिसेंबरात मामाला आणखी एक मुद्दा आयता मिळाला. सायबरपंक २०७७ हा बहुचर्चित खेळ १० तारखेला आला आणि पीएस४वर इतका मोडकातोडका चालला की आठवडाभरात सोनीने तो प्लेस्टेशन स्टोअरमधून काढून टाकला आणि पैसे परत द्यायला सुरुवात केली. मामाने फोन केला. "बघ, दुकानातून एका दिवसात खेळ गायब. ज्याच्याकडे डिस्क त्याच्याकडे ती आहे."

"मामा, ज्याने डाउनलोड केला त्यालाही ठेवता येतोय की. आणि त्याला पैसे परत मागायला खिडकी तरी एकच आहे. डिस्कवाल्याने पावती घेऊन दुकानाच्या पायऱ्या झिजवायच्या." दोघांचंही खरं होतं. स्टोअरमध्ये तो खेळ परतायला पुढच्या वर्षीचा जून उजाडला.

भारतासाठी पीएस५ची तारीख अखेर ठरली, २ फेब्रुवारी २०२१, आणि प्री-ऑर्डर १२ जानेवारीला दुपारी बारा वाजता. भाचीने मीटिंगमधून कॅमेरा बंद करून दोन वेबसाइट उघडल्या. मामाने बँकेतल्या जेवणाच्या सुट्टीआधीच फोन हातात घेतला. काही मिनिटांत सगळीकडे आउट ऑफ स्टॉक. पहिल्या खेपेत ३९,९९०चा डिजिटल पीएस५ तर नव्हताच, फक्त डिस्कवाला. परदेशातून आणून चढ्या भावाने विकणारे होते, पण दुसऱ्या देशातल्या यंत्राची वॉरंटी इथे कोण देणार? १ फेब्रुवारीला लोकल ठरावीक वेळांत सर्वांना खुली झाली. दुसऱ्या दिवशी पीएस५ ज्यांना मिळायचा त्यांना मिळाला. या घरात नाही.

भाचीने मग तिसराच रस्ता धरला. ऑफिसातल्या एका सीनियरकडून तिने वापरलेला पीएस४ घेतला, सोबत चार डिस्क. त्यासाठी तिने दिलेलं कारण मामाच्या बाजूचं होतं: पीएस४च्या जवळजवळ सगळ्या डिस्क पुढे पीएस५मध्ये चालतात, काही खेळांची पीएस५ आवृत्ती फुकट मिळते, पण ड्राइव्ह असेल तरच. निर्णय मात्र तिच्याच स्वभावाचा होता. पस्तीस हजारांतले निम्म्याहून जास्त वाचले आणि रात्रीचा फिफा त्याच आठवड्यात सुरू झाला.

थांबण्याबद्दल मामाचा एक जुना विश्वास होता, तो मात्र पुढे खरा ठरला नाही. कन्सोल जुना झाला की स्वस्त होतो, असं तो नेहमी सांगायचा, आणि त्याचा अनुभव तसाच होता: पीएस२ अमेरिकेत २९९ डॉलरपासून उतरत २००९मध्ये ९९वर आला. पीएस५चं उलटं झालं. २०२२ सालच्या अखेरीस भारतात डिस्कवाला पीएस५ ४९,९९०वरून ५४,९९०वर गेला. भाचीने त्याच्या काही महिने आधी घेऊन टाकला होता. मामा किंमत उतरायची वाट बघत राहिला. वर्गणीचंही गणित हललं. गेम पास अल्टिमेट २०२२मध्ये इथे ४९९पर्यंत खाली आला आणि पुढच्या वर्षी पुन्हा चढू लागला. भाऊबीजेच्या दिवशी पाच वर्षांसाठी धरलेला ६९९चा आकडा दीड वर्षही टिकला नाही.

२०२४च्या नोव्हेंबरमध्ये पीएस५ प्रो आला, तो डिस्क ड्राइव्हशिवाय. ज्याला हवा त्याने ड्राइव्ह वेगळा विकत घ्यायचा. वाय-फायच्या ६ गिगाहर्ट्झ पट्ट्याला इथे तोवर परवानगी नसल्यामुळे तो कन्सोल तेव्हा भारतात आला नाही. सिरीज एक्सचाही ड्राइव्ह नसलेला पांढरा अवतार त्याच सुमारास निघाला. भाचीने बातमी मामाला पाठवली, खाली एवढंच लिहून, "आता ड्राइव्हसुद्धा वेगळा."

मामाचा फोन आला. "वेगळा घेऊन लावला तर जुन्या डिस्क चालतात का?"

"चालतात."

"त्याची किंमत काय?"

"ऐंशी डॉलर, तिकडे."

"मग तो तुझा सहा खेळांचा हिशोब परत काढ. ड्राइव्ह धरून किती खेळ होतात बघ."